अंगावरचं माप : कोट, लुगडं आणि पांढरी साडी

गेल्या वर्षी उन्हाळा लागायच्या आधी एक मुलगी जुना कोट घेऊन माझ्याकडे आली. धरमपेठेतल्या आमच्या भागात तिला बहुतेक जण ओळखतात; नावानं नाही, कपड्यांवरून. कधी पांढरी नऊवारी आणि पायात कॅनव्हासचे बूट. कधी बापाचा ढगळ शर्ट आणि त्यावर आजीची चांदीची सरी. एकदा तर भर दुपारी कॉफी हाऊस चौकातून निळा फेटा बांधून स्कूटरवर गेली. ट्रॅफिक पार्कजवळ बसणारे आमच्यासारखे लोक तिला बघून मान हलवतात. तिचे फोनवरचे फोटो मात्र हजारो पोरं-पोरी बघतात, असं माझा मुलगा सांगतो.

"काका, फक्त बाह्या आखूड करून द्या. बाकी काही बदलू नका," ती म्हणाली. "आजोबांचा आहे. लग्नातला."

शिंप्याच्या घरातला माणूस कोट आधी उलटा करून बघतो. अस्तर विटलं होतं, पण छातीतलं बुकरम शाबूत होतं, शिवणीत भरपूर मार्जिन सोडलेलं होतं. आतल्या खिशावर कापडी पट्टी शिवलेली होती. ती माझ्या वडिलांच्या दुकानाची होती.

ते दुकान आता नाही. गोकुळपेठ बाजाराच्या मागच्या अंगाला होतं. रेडिमेडच्या जमान्यात हळूहळू आटलं आणि वडिलांच्या मागे मी बंद केलं. माझं शिक्षण बारावीपर्यंत. मशीनवर बसून वाचायची सवय लागली, पुढे सीताबर्डीच्या राजाराम वाचनालयात दुपारी घालवू लागलो, आणि गेली वीस-बावीस वर्षं माणसं काय घालतात, का घालतात, आणि काय घालू दिलं जात नाही याची टिपणं काढतो आहे. शिकलेली मंडळी या कामाला हौशी म्हणतात. त्यांचं चुकत नाही. पण कोट कसा शिवतात हे त्यांच्यापैकी बहुतेकांना माहीत नसतं, आणि या लेखातली गोष्ट नेमकी तिथेच सुरू होते.

हल्ली 'स्वतःची स्टाइल' हा शब्द फार ऐकू येतो. आपल्याकडून जे घालण्याची अपेक्षा नाही ते घालायचं आणि ताठ मानेनं रस्त्यावरून जायचं, असा त्याचा साधा अर्थ. याचा उगम लोक मुंबईच्या सिनेमात नाही तर पॅरिसमध्ये शोधतात. मला तो आमच्या घरापासून चालत अर्ध्या-पाऊण तासाच्या टापूत सापडला. त्यासाठी आधी मात्र थोडं मागे जावं लागेल.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळ आणि श्वपच यांनी कसं राहावं याचे नियम आहेत. गावाबाहेर राहावं, फुटक्या भांड्यांत जेवावं, प्रेतावरची वस्त्रं नेसावी आणि दागिने घालायचेच तर लोखंडाचे. म्हणजे अंगावर काय असावं हा कायद्याचा विषय होता. हे जुन्या पोथीतलं झालं असं कुणी म्हणेल, म्हणून 1928 सालचं उदाहरण देतो. बाबासाहेब आंबेडकरांनी ते 'जातिभेद निर्मूलन' या 1936 च्या भाषणात नोंदवलं आहे. इंदूर जिल्ह्यातल्या पंधराहून अधिक गावांतल्या सवर्णांनी बलाई समाजाला अटी घातल्या. त्यांतल्या पहिल्या दोन अटी कपड्यांच्या होत्या : जरीकाठाचा फेटा बांधायचा नाही, रंगीत किंवा नक्षीदार काठाचं धोतर नेसायचं नाही. पुढच्या एका अटीत बायकांचे सोन्या-चांदीचे दागिने आणि नव्या तऱ्हेचे घागरे-चोळ्या बंद. बलाई मानेनात, तेव्हा त्यांचं विहिरीचं पाणी तोडलं, गुरांच्या वाटा अडवल्या. इंदूर म्हणजे होळकरांचं राज्य, आपल्या मराठी माणसांचं. धोतराच्या काठाच्या चार बोटं रुंदीसाठी गावंच्या गावं उठली, हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नाही. माझ्या आजोबांनी आयुष्यभर काठाचीच कापडं विकली आणि शिवली होती.

बाबासाहेबांच्या आठवणींत याहून लहान, पण मला जास्त लागलेला एक प्रसंग आहे. साल 1901. वडील साताऱ्यापासून दूर नोकरीवर. मुलांना उन्हाळ्याच्या सुट्टीत बोलावून घेतात. मुलं पहिल्यांदाच आगगाडीत बसणार म्हणून घरात नवे कपडे होतात : विलायती तऱ्हेचे सदरे, झगमगत्या टोप्या, रेशीमकाठी धोतरं, नवे बूट. मसूर स्टेशनवर पोरं उतरतात, न्यायला कुणी आलेलं नाही. स्टेशनमास्तर प्रेमानं चौकशी करतो, कारण कपड्यांवरून त्याला ती ब्राह्मणाची मुलं वाटतात. मग तो जात विचारतो. मुलं सांगून टाकतात. मास्तरचा चेहरा उतरतो, तो मागे सरतो. बैलगाडीवाले दुप्पट भाडं घेऊनही गाडीत बसत नाहीत. पोरांनी गाडी स्वतः हाकायची आणि गाडीवान बाजूनं चालणार, असा तोडगा निघतो.

नवे कपडे एका प्रश्नापर्यंत टिकले. त्या दहा वर्षांच्या मुलानं पुढे कपड्यांचा आग्रह सोडून दिला असता तर ते समजण्यासारखं होतं. त्यानं नेमकं उलटं केलं.

इथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. धोतर, लुगडं, उपरणं, फेटा ही न शिवलेली वस्त्रं. विणकराकडून येतात, थेट अंगावर जातात; मधे कुणाचा हात लागत नाही. कोटाचं तसं नाही. छाती, कंबर, सीट, तीरा, बाही, गळा, उंची अशी एका कोटाला दहा-बारा मापं लागतात. टेप काखेतून फिरवावा लागतो, मानेच्या मणक्यावर बोट ठेवून पाठीची उंची धरावी लागते. मग कच्ची शिलाई, मग ट्रायल. त्यात एक खांदा उतरता निघाला की अंगावरच खडूच्या खुणा, टाचण्या, पुन्हा ट्रायल. कापड चांगलं असून भागत नाही. एका माणसानं दुसऱ्या माणसाच्या अंगाला तीन-चार वेळा, सावकाश, नीट हात लावावा लागतो. त्याशिवाय कोट बसतच नाही.

आता साताऱ्यातल्या त्या घराकडे पुन्हा बघा. न्हावी त्या मुलांच्या डोक्याला हात लावत नसे, म्हणून थोरली बहीण भावांचे केस कापायची, हे बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. न्हाव्याचा वस्तरा जिथे चालत नाही तिथे शिंप्याचा टेप तरी कसा चालावा?

हे मी पुस्तकातून काढलेलं नाही. आमचं घराणं काटोल तालुक्यातलं. आजोबांची मापांची वही माझ्याकडे आहे. लाल खारव्यात बांधलेली, आडवी, हिशेबाच्या वहीसारखी. प्रत्येक नावापुढे आकडे आहेत. काही नावांपुढे आकड्यांच्या जागी एकच शब्द आहे : 'जुन्यावरून'. पोरगा असताना मी वडिलांना विचारलं होतं, याचा अर्थ काय. ते म्हणाले, "जुना सदरा आणून ओट्यावर ठेवायचे. त्याच्यावरून नवा कापायचा." एवढंच. माणसाच्या अंगाला हात न लावता, त्यानं दुरून ओट्यावर ठेवलेल्या सदऱ्याचं माप आजोबा घेत होते. काही गिऱ्हाइकं सोयीनंही जुना कपडा पाठवत असतील, हे मला ठाऊक आहे. पण ती नावं मी एकेक करून वाचली आहेत. सोयीचा भाग फारसा उरत नाही.

म्हणून बाबासाहेबांचा सूट मला इतरांना दिसतो तसा दिसत नाही. 'साहेबी पोशाख', 'इंग्रजांची नक्कल' ही टीका त्यांच्या हयातीतही झाली, आजही कुजबुजत होते. न्यूयॉर्कला 1913 मध्ये गेलेला, पुढे लंडनला शिकलेला माणूस सूट घालणारच, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं आहे. परत आल्यावर कित्येक बॅरिस्टरांनी खादी चढवली आणि सूट पेटीत टाकला. यांनी टाकला नाही. कोर्टात, सभेत, गोलमेज परिषदेत, संविधान सभेत तीन तुकड्यांचा सूट, टाय, खिशात पेन. घरी मात्र साधा सदरा, लुंगी. म्हणजे सूट ही सवय नव्हती. तो बाहेर जाताना निवडलेला कपडा होता. मापात बसलेला कोट बघणाऱ्याला न बोलता सांगतो की हा माणूस कुणाच्या तरी समोर सरळ उभा राहिला आणि त्याचं माप घेतलं गेलं.

महाराष्ट्रात याच्या बरोबर उलट दिशेनंही हे हत्यार वापरलं गेलं होतं. 2 मार्च 1888 रोजी पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. जोतीराव फुले तिथे खांद्यावर घोंगडी, डोक्याला फाटकं मुंडासं अशा शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान हा असा दिसतो, हे राजपुत्राला तोंडावर सांगितलं. गांधीजींनी 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुरैत पंचा स्वीकारला आणि 1931 च्या गोलमेज परिषदेत तो नेसूनच बसले. त्याच परिषदेत आंबेडकर सुटात होते. दोघांपैकी खरा कोण, असा वाद मी पुष्कळ ऐकला. मला तो निरर्थक वाटतो. सदरा ज्याचा आहे तोच सदरा टाकू शकतो. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या अर्धं अंग उघडं ठेवायला लावलं, त्यानं पुन्हा उघडं होण्यात कसला त्याग?

पण सूट ही एका माणसाची गोष्ट झाली. खेड्यातल्या मजूर बाईला सूट काय कामाचा? तिचं उत्तर महाडला मिळालं. 25 डिसेंबर 1927 रोजी तिथे मनुस्मृती जाळली हे सर्वांना माहीत असतं. त्याच मुक्कामात बाबासाहेबांनी जमलेल्या बायकांशी कपड्यांविषयी सविस्तर बोलणं केलं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : गुडघ्यापर्यंत आखूड लुगडं नेसण्याची तुमची तऱ्हा, गळ्यातली गाठलींची ओझी आणि कोपरापर्यंतच्या कथलाच्या-चांदीच्या गोठ-पाटल्या ही अस्पृश्यतेची खूण झाली आहे. ती पुसा. लुगडं घोट्यापर्यंत सोडून नेसा. त्याला जास्त पैसे लागत नाहीत. दागिना घालायचाच तर एखादा सोन्याचा, नाही तर घालूच नका. फाटकं चालेल, मळकं नको. शेवटी मुलींना शाळेत घाला, हेही होतंच.

मनूनं लोखंडाचे दागिने सांगितले होते. त्याची पोथी जाळली आणि त्याच मुक्कामात हातातली कथलाची ओझी उतरवा म्हणून सांगितलं. या दोन गोष्टी मी वेगळ्या मानत नाही. सवर्ण सहकाऱ्यांच्या घरच्या बायकांनी पुढे होऊन नेसायची नवी तऱ्हा दाखवली. निरोप घ्यायला त्या बायका आल्या तेव्हा लुगडी पायघोळ नेसून आल्या होत्या.

आज हे वाचताना कुणी म्हणेल, सवर्णांसारखं नेसा हे सांगण्यात कसली आली बंडखोरी? माझ्या मनातही ही शंका बरीच वर्षं होती. ती फिटली एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकामुळे. उत्तर नागपुरातल्या या बाई वडिलांकडे पोलकी शिवायला इतक्या लांब यायच्या. मी विचारल्यावर हसल्या. म्हणाल्या, "अरे बाप्पा, गुडघ्यावर लुगडं असलं का दुरूनच समजे कोन येऊन राह्यलं ते. खाली सोडलं का लोकायले जवळ येऊन पाहा लागे." जवळ येऊन बघावं लागणं, तेवढ्या अंतराचा झगडा होता. गावोगाव लांब लुगड्यावरून बायकांनी शिव्या खाल्ल्या, पण लुगडं पुन्हा वर गेलं नाही.

नागपूरपुरतं बोलायचं तर इथे आणखी एक पीळ आहे. वऱ्हाड-नागपूरकडचे महार हे जाडंभरडं कापड विणणारे होते. पुढे 1877 साली एम्प्रेस मिल सुरू झाली तेव्हा हजारो हात तिकडे वळले. ज्या माणसांनी नागपूरला कापड पुरवलं त्यांच्यावर काय नेसावं याची बंधनं होती. मुंबईच्या गिरण्यांत तर विणकाम खात्याचं दारच त्यांना बंद होतं, कारण कांडी बदलताना सूत तोंडानं ओढावं लागे आणि तो उष्टा धागा बाकीच्यांना चालत नसे. बाबासाहेबांनी 1928 च्या गिरणी संपात हा प्रश्न उघड मांडला. धागा ओठाला लागलेला नको आणि टेप अंगाला लागलेला नको, अशा दोन टोकांमध्ये कापडाचा सगळा प्रवास बसतो.

जुलै 1942 मध्ये नागपूरला शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि 20 जुलैला महिलांची स्वतंत्र परिषद भरली, अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. बायका हजारोंनी आल्या. स्वच्छ राहा, मुलींच्या लग्नाची घाई करू नका, नवऱ्याची दासी नाही तर मैत्रीण होऊन राहा, असं बाबासाहेबांनी तिथे सांगितलं. महाडनंतर पंधरा वर्षांत लुगड्याचा मुद्दा भाषणात आणायची गरज उरली नव्हती, असं मी त्यातून समजतो.

आणि मग 14 ऑक्टोबर 1956. अशोक विजयादशमी. धरमपेठेपासून जवळ, लस बनवणाऱ्या सरकारी संस्थेजवळचं मोकळं मैदान, ज्याला आपण आता दीक्षाभूमी म्हणतो. लाखो माणसं, आणि सगळी पांढऱ्या कपड्यांत. सीताबर्डी-इतवारीच्या दुकानांतल्या पांढऱ्या साड्या संपल्या, असं त्या पिढीतली माणसं सांगत. वडीलही तेच सांगत. त्या आठवड्यात त्यांनी पांढऱ्या पॉपलीनचे सदरे रात्र-रात्र शिवले होते. पांढरंच का, याचं उत्तर पाली ग्रंथांत आहे : भिक्षू काषाय वस्त्रातला, गृहस्थ उपासक 'ओदातवसन', म्हणजे शुभ्र वस्त्र नेसणारा.

पण पाली बाजूला ठेवा आणि 1956 च्या नागपुरात एका सवाष्ण बाईनं पांढरीफटक साडी नेसून दसऱ्याच्या दिवशी घराबाहेर पडणं म्हणजे काय, याचा विचार करा. आपल्याकडे पांढरं कपाळ आणि पांढरं लुगडं विधवेचं. सणासुदीला सवाष्णीनं ते नेसणं म्हणजे नवऱ्याच्या जिवावर उठणं. आणि इथे नवरा शेजारी चालतो आहे, पोरं कडेवर आहेत, आणि हजारो बाया एका रंगात, एका दिशेनं. एकटीनं केलं असतं तर शेजारपाजाऱ्यांनी दारं लावून घेतली असती. सगळ्यांनी मिळून केल्यावर रंगाचा अर्थच बदलला, आणि तो कायमचा बदलला : विदर्भातल्या बौद्ध घरांत आजही नवरी पांढरी साडी नेसून उभी राहते. एखाद्या रंगाचा अर्थ इतक्या कमी वेळात उलटा झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या टिपणांत नाही.

त्या दिवशी बाबासाहेब काय नेसले होते? सूट नाही. पांढरं रेशमी धोतर आणि पांढरा कोट. आयुष्यभर ज्या कपड्यानं त्यांनी जगाशी वाद घातला तो त्या सकाळी श्याम हॉटेलच्या खोलीतच राहिला. त्या मैदानावर वाद घालायचा नव्हता. पण कोट राहिला, हेही मी नोंदवून ठेवलं आहे. मापाचाच होता.

पुढे पुतळ्यांनी सूट अमर केला. निळा रंग फेडरेशनच्या झेंड्यातला. गावकुसाबाहेरचा कुठलाही पुतळा बघा : कॉलर, टाय, बटणं घडवणाऱ्यानं नीट घडवलेली असतात. पुतळा फोडणारेही आधी बोट आणि चष्मा तोडतात. कपड्याचा राग जुना आहे आणि संपलेला नाही. 2023 मध्ये गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातल्या एका दलित तरुणाला चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून मारहाण झाली. इंदूरच्या बलाईंना ही बातमी ओळखीची वाटली असती.

कोट घेऊन आलेल्या मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. ती घाईत होती, आणि तिला यातलं बरंच माझ्याहून आधी माहीत असावं, असा मला संशय आहे. मी फक्त आजोबांचं नाव आणि लग्नाचं साल विचारलं. एम्प्रेस मिलमध्ये होते, 1961, ती म्हणाली.

रात्री वडिलांच्या वह्या काढल्या. काटोलची वही आजोबांच्या हातची. गोकुळपेठेच्या वह्या वडिलांच्या. 1961 च्या वहीत मे महिन्यात ते नाव सापडलं. त्याच आडनावाची माणसं काटोलच्या वहीत सगळी 'जुन्यावरून' होती. इथे वडिलांच्या तिरक्या अक्षरात एका ओळीत लिहिलं होतं : कोट, राखाडी, छाती 36, कंबर 31, तीरा 17, बाही 24, उजवा खांदा अर्धा इंच उतरता, ट्रायल दोन.

मी बाह्या दोन इंच आखूड केल्या. उजवा खांदा तसाच ठेवला.